गल्लीची बेरीज आणि आजींचे ५०१

मावशी, नमस्कार. आमचं गाव बेळगाव तालुक्यातलं, नाव छापू नका. बऱ्याच वर्षांनी आमच्याकडं महालक्ष्मीची यात्रा भरणार आहे. घरटी ५,००० रुपये पट्टी ठरलीय. मी बी.कॉम. झालोय आणि घरात लॅपटॉप आहे, एवढ्यावर पंच कमिटीनं हिशेब माझ्या गळ्यात घातलाय. एक्सेलमध्ये ३१२ घरांची यादी केली: अनुक्रम, नाव, गल्ली, जमा, शेरा. खाली एक ओळ सोडून जमेची बेरीज घातली.

मागच्या बैठकीत देवळातल्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला होता. कुणीतरी विचारलं, बसवाण गल्लीचे किती जमले? मी फिल्टर लावला. त्या गल्लीतली ४६ घरं तेवढी राहिली. खालची बेरीज मोठ्यानं वाचली: ११,८४,५०१. सगळं देऊळ हसलं. एक आजोबा म्हणाले, ‘बसवाण गल्लीत सोनं लागलंय की काय रे पोरा?’ फिल्टर लावूनही बेरीज हलेना कशी झाली, तेच कळेना. एक मित्र म्हणतो सबटोटल ९ घाल, दुसरा म्हणतो १०९. दोन्ही घालून बघितलं तर फिल्टर नसतानाही दोन वेगळे आकडे येतात, ९ नं ११,८४,५०१ आणि १०९ नं ११,८४,०००.

आणखी एक सांगायचं राहिलं. सात घरांची पट्टी कमिटीनं माफ केलीय. बैठकीत भिंतीवर त्यांची नावं दिसू नयेत म्हणून त्या सात ओळी मी राइट क्लिक करून लपवून ठेवल्यात. त्यातल्या एका आजींनी नको नको म्हणताना ५०१ रुपये आणून दिले. आता कुठला आकडा खरा धरू? पुढची बैठक रविवारी आहे.

– बेळगाव तालुक्यातला एक वाचक


अरे, ते आजोबा हसले हे तुझं नशीब. ४६ घरं, घरटी ५,०००. एकूण एक घरानं पुरती पट्टी मोजली तरी २,३०,००० च्या वर आकडा जात नाही. हे त्यांनी बसल्या बसल्या मनात केलं, तू भिंतीवरचं वाचलंस. गाव लहान असतं, गल्ल्या दोनच असत्या आणि आकडा जरा पटण्यासारखा असता, तर कुणी हसलं नसतं. तो बुकात लिहिला गेला असता आणि यात्रा झाल्यावर खर्चाचा मेळ बसेना म्हणून तुझ्याच घरी लोक आले असते.

आता बेरीज का हलली नाही ते बघू. तू घातलेलं सम हे फंक्शन पट्ट्यातल्या सगळ्या खणांची बेरीज करतं. त्यातलं तुला काय दिसतंय आणि काय नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खळ्यावरच्या पोत्यांवर ताडपत्री टाकली म्हणून पोती कमी होत नाहीत. फिल्टर ही तशी ताडपत्री आहे, आणि सम ताडपत्रीखालची पोतीही मोजतं. त्याचं काही चुकलं नाही, गावची जमा म्हणून ११,८४,५०१ हा आकडा बरोबरच होता. तुला विचारलं होतं गल्लीचं आणि तू सांगितलंस गावचं, एवढंच झालं.

गंमत बघ. तू आधी बेरीज घातलीस आणि मग फिल्टर लावलास, म्हणून तुला सम मिळालं. उलटं केलं असतंस, म्हणजे फिल्टर लावलेल्या यादीखाली जाऊन ते सिग्माचं बटण दाबलं असतंस, तर एक्सेलनं आपणहून सबटोटल, म्हणजे फिल्टरमधून उरलेल्या ओळीच मोजणारं फंक्शन, घातलं असतं. दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये बेरीज बदलते आणि आपल्या फाइलमध्ये ढिम्म राहते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

सूत्र सांगते. या सदरात इंग्रजी अक्षरं घालत नाही, म्हणून देवनागरीत लिहितेय. तू टाइप करताना नाव आणि आकडे दोन्ही इंग्रजीतून टाक. सबटोटल म्हणजे एस, यू, बी, टी, ओ, टी, ए, एल, सगळं जोडून. बरोबरचं चिन्ह आणि पहिली तीन अक्षरं टाकलीस की खाली यादी उघडतेच.

=सबटोटल(१०९,डी५:डी५००)

डी म्हणजे तुझा जमेचा रकाना. पाचव्या ओळीपासून का आणि ५०० पर्यंत का, ते पुढं सांगते. काही कॉम्प्युटरवर मधल्या स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम लागतो. सूत्र रुसलं तर आधी तेवढं बदलून बघ.

आता तुझ्या दोन मित्रांचं भांडण. कंसातला पहिला आकडा म्हणजे ‘काय करायचं’ त्याचा नंबर. बेरजेला ९ का, असा प्रश्न मला कित्येक वर्षं पडायचा. मग एकदा यादी उतरवून काढली: ॲव्हरेज १, काउंट २, काउंटए ३, मॅक्स ४, मिन ५, प्रॉडक्ट ६, एसटीडेव्ह ७, एसटीडेव्हपी ८, सम ९, व्हार १०, व्हारपी ११. शाळेच्या हजेरीपटासारखे इंग्रजी वर्णानुक्रमानं उभे केलेत, दुसरं काही नाही. समचा नंबर नववा लागला.

याच अकरा जणांना १०० मिळवून १०१ ते १११ असे आणखी नंबर एक्सेल २००३ पासून आले. फिल्टरनं झाकलेल्या ओळी ९ ही सोडतं आणि १०९ ही सोडतं. म्हणजे बसवाण गल्लीपुरतं बघायचं तर तुझे दोन्ही मित्र बरोबर. फरक पडतो तो हातानं लपवलेल्या ओळींचा, म्हणजे राइट क्लिक करून हाइड केलेल्या. ९ त्या मोजतं, १०९ सोडून देतं. डावीकडं अधिक-उणेचं बटण दाबून मिटवलेल्या गटाच्या ओळीही हातानं लपवलेल्यातच जमा.

हा फरक मी सुखासुखी शिकले नाही. एका पतसंस्थेत होते तेव्हाची गोष्ट. माझ्याकडं पिग्मीची यादी होती. पिग्मी म्हणजे काय ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको, दुकानात उभं राहून रोजचे दहा-वीस रुपये गोळा करून नेणारा एजंट सगळ्यांच्या ओळखीचा. १९२८ साली उडुपीच्या बँकेनं, जी पुढं सिंडिकेट बँक झाली, ही रीत काढली आणि ती इथल्या बाजारपेठेत अशी मुरली की पिग्मी हा मराठीच शब्द वाटतो. तर महिनाअखेर होती. मी मोठ्या हुशारीनं खाली सबटोटल ९ घातलं आणि आकडा खतावणीपेक्षा ४,३५० रुपयांनी जास्त आला. कमी आला असता तर कुणाची तरी जमा राहून गेली म्हटलं असतं. जास्त कुठून आला? दुपारी चारला बसले ती दिवे लागले तरी तिथंच. सगळ्या पावत्या दोनदा लावून झाल्या. शिपाईमामा कुलूप घेऊन दारात उभे.

शेवटी पाणी प्यायला उठताना नजर डाव्या कडेला गेली. ओळींचे नंबर ३९, ४०, ४१ आणि एकदम ४५. माझ्या आधीच्या कारकुनानं बंद झालेली तीन खाती पुसली नव्हती, लपवली होती. मला ती दिसत नव्हती, ९ ला दिसत होती. तिथं १०९ केलं आणि मेळ बसला.

म्हणून सांगते, कुणाचीही फाइल हातात आली की आधी डावी कड बघ. नंबर निळे झाले असतील तर फिल्टर लागलाय. नंबर काळेच आहेत पण मधले गायब असतील तर कुणीतरी ओळी हातानं लपवल्यात. ही खूण ज्याला माहीत नाही तो सूत्रात चूक शोधत बसतो.

तर मग १०९ च चांगलं की, असं म्हणशील. माझ्या पिग्मीला चांगलं होतं, कारण लपवलेले पैसे मोजायचे नव्हते. तुझं उलट आहे. तुझ्या लपवलेल्या सात ओळींपैकी सहा ओळींत जमा शून्य आहे, त्या मोजल्या काय आणि सोडल्या काय. सातव्या ओळीत आजींचे ५०१ आहेत. १०९ नं ते पैसे हिशेबातून काढून टाकले. तुझ्या दोन आकड्यांतला फरक वजा करून बघ: ११,८४,५०१ उणे ११,८४,०००. आजींच्या पिशवीतून आलेल्या नोटा आणि वरचा एक रुपया, जसाच्या तसा.

गावची जमा ११,८४,५०१. यात दुमत नको. पेटीतली रोकड आणि बँकेतली शिल्लक मिळून तेवढीच भरली पाहिजे, कारण पेटीला कुठली ओळ लपवलीय ते ठाऊक नसतं.

पण मग १०९ टाकून दे असंही मी म्हणणार नाही. बैठकीत बसून ‘मारुती गल्लीचे किती? अजून एक रुपयाही न दिलेली घरं किती?’ असे प्रश्न येणार, त्याला तेच पाहिजे. माझा आक्षेप वेगळा आहे. फिल्टर हलवला की बदलणारा आकडा ‘एकूण’ म्हणून लिहायचा नाही. आज तू मारुती गल्ली लावून फाइल बंद केलीस, उद्या कमिटीच्या दुसऱ्या कुणी उघडली, ‘एकूण’ समोरचा आकडा बघितला आणि मंडपवाल्याला फोनवर सांगितला, झालं कल्याण. दोन आकडे ठेव, एकाखाली एक, आणि दोघांना त्यांची नावं दे.

जागा कुठं द्यायची तेही सांगते. बेरीज खाली ठेवू नकोस. एक ओळ सोडलीस ते बरं केलंस, लागून असती तर फिल्टरबरोबर तीही झाकली गेली असती. पण यादी वाढत जाते. यात्रा म्हटलं की वाटणी झालेलं घर, नवीन बांधलेलं घर, सासरी गेलेली लेक ‘माझीही पट्टी घ्या’ म्हणून येतेच. मग मध्ये ओळ घाला, बेरीज खाली ढकला, पट्टा वाढवायचं विसरा. त्यापेक्षा बेरीज डोक्यावर घे. पहिल्या ओळीत यात्रेचं नाव. दुसऱ्या ओळीत ‘गावची एकूण जमा’ आणि समोर =सम(डी५:डी५००). तिसऱ्या ओळीत ‘आता दिसणाऱ्या घरांची जमा’ आणि समोर ते सबटोटल १०९. चौथ्या ओळीत रकान्यांची नावं, पाचव्यापासून घरं. आज तुझी ३१२ घरं ३१६ व्या ओळीला संपतील. ५०० पर्यंत पट्टा असला की पुढची काळजी नको, रिकाम्या खणांनी बेरजेत काही फरक पडत नाही. फिल्टर लावताना चौथी ओळ पुरती निवडून मग लाव, नाहीतर एक्सेल पहिल्या ओळीलाच रकान्यांची नावं समजून बसेल. आणि वरच्या चार ओळी फ्रीझ करून टाक, म्हणजे यादी कितीही खाली सरकवली तरी दोन्ही आकडे डोळ्यांसमोर राहतील.

घरं मोजायलाही हेच फंक्शन चालतं. नावाच्या रकान्यावर १०३ घातलंस, =सबटोटल(१०३,बी५:बी५००), की दिसणारी घरं किती ते कळतं. बसवाण गल्ली लावल्यावर ४६ आलं पाहिजे. हा आकडा जमेच्या शेजारी असता तर ४६ ला ५,००० नं गुणायला तुलाही सुचलं असतं.

१०३ आणि १०२ ची जोडी आणखी एका कामाला येते, आणि हे मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण यात आपलीच सवय आडवी येते. शाळेपासून आपल्याला रक्कम लिहिताना पुढं आडवी रेघ मारायला शिकवलंय. ५,०००/- असं. कुणी मध्ये आकडा घुसडू नये म्हणून कागदावर ती रेघ हवीच. एक्सेलमध्ये तीच रेघ घातक आहे. खणात ५०००/- लिहिलंस की तो एक्सेलच्या लेखी आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि मजकूर सम मोजत नाही, सबटोटलही मोजत नाही. बरं, तक्रारही करत नाही. गपचूप सोडून देतं. ‘५००० रोख’, ‘रु. ५०००’, ‘२५०० + बाकी नंतर’ हे सगळे त्याच माळेचे मणी. जमेच्या रकान्यावर =सबटोटल(१०३,डी५:डी५००) आणि =सबटोटल(१०२,डी५:डी५००) दोन्ही घालून बघ. १०३ भरलेले सगळे खण मोजतं, १०२ फक्त खरे आकडे मोजतं. दोन्ही सारखे आले तर देवी पावली. १०३ नं ४० सांगितले आणि १०२ नं ३८, तर दोन खणांत कुणीतरी रेघ नाहीतर शेरा मारून ठेवलाय. डोळ्यांनी शोधायचं तर खरा आकडा खणात उजवीकडं टेकतो आणि मजकूर डावीकडं, अर्थात कुणी मुद्दाम मधोमध करून ठेवलं नसेल तर. शेरा शेऱ्याच्या रकान्यात लिहायचा, जमेत नुसता आकडा.

आता तुझ्या खऱ्या अडचणीकडं येते. तू ती शेवटी, जाता जाता लिहिलीस, पण पत्र वाचताना मी तिथंच थांबले. माफ केलेल्या घरांची नावं भिंतीवर दिसू नयेत म्हणून तू ओळी लपवल्यास. मन चांगलं आहे तुझं. पण उपाय कच्चा आहे. कुणीही नंबरांवर राइट क्लिक करून अनहाइड केलं की सात नावं सगळ्या गावासमोर, तीही एकदम. आणि तोवर ११,८४,००० हा खोटा आकडा घेऊन तू बसणार.

आधी त्या सात ओळी उघड. त्यांच्या शेऱ्यात ‘माफ’ लिही. पट्टी किती येणं बाकी आहे ते काढताना ही सात घरं धरायची नाहीत: ३१२ मधून ७ गेली, राहिली ३०५, म्हणजे येणं १५,२५,०००. त्यातले ११,८४,००० आले, बाकी ३,४१,०००. आजींचे ५०१ पट्टीत नाहीत, ते स्वखुशीचे. बघ, इथं ११,८४,००० हा आकडा उपयोगाला आला, फक्त त्याचं नाव ‘पट्टीची जमा’, ‘एकूण जमा’ नव्हे. आता तो ओळी लपवून काढायचा नाही. शेऱ्याच्या रकान्यात फिल्टर लावून ‘माफ’ वरची खूण काढलीस की तिसऱ्या ओळीत तोच येईल, आणि दुसऱ्या ओळीत ११,८४,५०१ तसाच उभा असेल. दोन्ही खरे, आणि फरक कशाचा ते तुला माहीत.

दुसरं, रविवारी नावांची यादी भिंतीवर लावूच नकोस. गावाला गल्लीचं कळलं पाहिजे, कुणाच्या घरानं किती दिले ते भिंतीवर कशाला? अजून न दिलेल्या घरांची नावंही तशी दिसू नयेत. कुणाचं रताळं सडलं असेल, कुणाच्या घरात आजारपण असेल. त्यासाठी त्याच फाइलमध्ये दुसरं शीट घे आणि तिथं नुसत्या गल्ल्यांची नावं एकाखाली एक लिही. समोर सबटोटल नको, सम-इफ घाल. म्हणजे एस, यू, एम, आय, एफ. पहिल्या शीटचं नाव ‘यादी’ असेल आणि दुसऱ्या शीटवर ए२ मध्ये ‘बसवाण गल्ली’ लिहिलं असेल तर:

=सम-इफ(यादी!सी५:सी५००,ए२,यादी!डी५:डी५००)

छापण्यापुरती मधे आडवी रेघ घातलीय, टाइप करताना ती नको, अक्षरं जोडून. पट्ट्यांना डॉलरचं चिन्ह लावून बांधून घे, एफ-४ दाबलं की लागतं, मग सूत्र खाली ओढता येईल. सम-इफ फिल्टरला विचारत नाही. यादीत तू कुठलीही गल्ली लावून ठेव, काहीही लपव, इकडचे आकडे हलणार नाहीत. देवळाच्या फळ्यावर चिकटवायचा कागद या शीटचा. आजींचे ५०१ त्यांच्या गल्लीच्या जमेत येतील, नाव कुठंही येणार नाही.

गल्ल्यांच्या आकड्यांखाली त्यांची साधी बेरीज घाल आणि ती पहिल्या शीटवरच्या ‘गावची एकूण जमा’ शी ताडून बघ. पहिल्याच फटक्यात जमणार नाही, पैज लाव. कारण यादी एकट्यानं टाइप केलेली नसणार. कुणी ‘बसवाण गल्ली’ लिहिलं असेल, कुणी ‘बसवन गल्ली’, कुणी शेवटी एक मोकळी जागा सोडली असेल, आणि कन्नड शाळेत शिकलेल्या पोरानं ती कन्नड लिपीत लिहिली असेल. गावात ती गल्ली एकच, एक्सेलला चार. जेवढे रुपये कमी पडतील तेवढे अशा बिनगल्लीच्या घरांत अडकलेत. फिल्टरची यादी उघडून वाचलीस तर वेगवेगळी रूपं बरीचशी तिथंच सापडतील. मोकळी जागा मात्र डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी शोधून बदलायची खिडकी वापर किंवा सरळ वरच्या खणातलं नाव खाली कॉपी कर. पुढच्यासाठी गल्लीच्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशनची यादी लावून दे, म्हणजे टाइप करायचा प्रश्नच उरणार नाही, निवडायचं तेवढं.

मुंबई-पुण्याची आणि गोव्याची मंडळी लिंक मागतीलच. गुगल शीट्समध्ये हीच सूत्रं, हेच नंबर चालतात. लिब्रे ऑफिसमध्येही. फक्त गुगलवर एक लक्षात ठेव: तिथं साधा फिल्टर एकानं लावला की तो फाइल उघडणाऱ्या सगळ्यांना लागतो. दादरमधल्या कुणी आपली गल्ली बघितली की इकडं तुझी तिसरी ओळ बदलली. त्यांना नुसतं बघायची परवानगी दे, तीही गल्ल्यांच्या शीटपुरती वेगळी फाइल करून.

आणखी थोडं, घाईत. सबटोटल उभ्या यादीसाठी आहे. आडव्या ओळीत रकाने लपवलेस तर ते लपवलेले रकानेही मोजले जातात, तिथं त्याच्या भरवशावर राहू नकोस. प्रत्येक गल्लीच्या शेवटी मधली बेरीज घालायची हौस असेल तर ती सबटोटलचीच घाल, कारण वरचं सबटोटल खालच्या सबटोटलांना वगळतं, सम मात्र त्यांनाही मोजून जमा दुप्पट करेल. पण मी म्हणेन मधल्या बेरजा घालूच नकोस, यादी यादीसारखी राहू दे. आणि रविवारी कुणी अचानक काही विचारलं, सूत्र घालायला वेळ नसला, तर फिल्टर लावून जमेचा रकाना माउसनं निवड. एक्सेलच्या तळाच्या पट्टीत ‘सम’ म्हणून जो आकडा येतो तो दिसणाऱ्या खणांचाच असतो.

आजोबांना रविवारी पुढं बसव आणि बसवाण गल्लीचा आकडा त्यांनाच वाचायला सांग.

आणि हो, यादीत पावती नंबरचा रकाना तुझ्या पत्रात कुठं दिसला नाही. एफ रकान्यात तो घाल. आजींना ५०१ ची पावती दिलीस का? की माफ घर म्हणून पुस्तकच उघडलं नाहीस? दिली नसशील तर लॅपटॉप नंतर उघड, आधी त्यांच्याकडं जाऊन ये.

– मावशी